टाक्यांचे दहा दिवस : एका विश्रांतीचा इतिहास

#थ्रेड

१.
सोलापूरच्या माळरानावर कारवानी कुत्री धावताना पाहिली आहे का? लांब पाय, आत ओढलेले पोट, अरुंद डोके. ससा उठला की क्षणार्धात ती बाण होते. आता अशा कुत्रीचे निर्बीजीकरण झाले आहे आणि पशुवैद्य सांगतात, "दहा-बारा दिवस हिला पळू देऊ नका." वाक्य साधे आहे. पण ते उच्चारण्यापर्यंत पोहोचायला मानवजातीला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. आजचा थ्रेड या दहा दिवसांच्या इतिहासावर.

२.
पोटावरची जखम भरून यायची तर शरीराला काही काळ स्वस्थता हवी. माणसाला हे समजावून सांगता येते. कुत्रीला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी भूल पूर्ण उतरते, तिला बरे वाटू लागते आणि ती पलंगावर उडी मारते. मग तिला स्वस्थ ठेवायचे कोणी? इतिहासाने या प्रश्नाला तीन उत्तरे दिली: वेदनेने, पिंजऱ्याने किंवा माणसाने. कोणत्या काळाने कोणते उत्तर निवडले, हे पाहणे फार बोलके आहे.

३.
मादीचे अंडाशय काढण्याचे वर्णन आपल्याला इ.स.पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथात मिळते. प्राणी मात्र कुत्रा नव्हे, डुकरीण. तिला दोन दिवस उपाशी ठेवायचे, मागच्या पायांनी उलटे टांगायचे, खालच्या पोटाला छेद द्यायचा, अवयव कापायचा आणि जखम शिवायची. हेतू एकच: ती माजावर येऊ नये आणि अंगाने भरावी. युद्धावर न्यायच्या सांडणीवरही असा प्रयोग होई, असे तो नोंदवतो. छेद कसा द्यावा हे तो सांगतो. नंतर त्या जिवाला सांभाळायचे कसे, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही.

४.
त्यानंतर सुमारे शतकभराने आपल्याकडे वेगळा सूर ऐकू येतो. सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख त्याच्या राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावरचा आहे. पक्षाची अष्टमी, चतुर्दशी, पंचदशी आणि काही ठरावीक नक्षत्रांच्या दिवशी बैल, बोकड, मेंढे, डुक्कर यांचे खच्चीकरण करू नये, असे त्यात बजावले आहे. गाभण आणि पिलांना दूध पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांना मारू नये, असेही म्हटले आहे. राजाला शस्त्र थांबवता आले नाही. पण निदान काही दिवस ते म्यानात राहावे, एवढी चिंता त्याने दगडावर कोरली.

५.
आपल्या शेतकऱ्याला खच्चीकरण परके नव्हते. खोंडाला औताला जुंपायचे तर आधी तो 'बडवावा' लागे. मादीचा प्रश्नच नव्हता. गाय, म्हैस, शेळी यांची किंमतच त्यांच्या वेतावर ठरे. म्हणून नरासाठी 'खच्ची करणे', 'बडवणे' असे मातीतले शब्द आहेत, तर मादीसाठी आपण कचेरीतला 'निर्बीजीकरण' हा शब्द वापरतो. ज्या कामाची गरज पडत नाही त्याला घरगुती शब्द मिळत नाही. हा भाषेतला छोटासा पुरावा इतिहासाच्या विद्यार्थ्याने जपून ठेवावा.

६.
आणि कुत्री? ती उंबऱ्यावरची. सोलापूरजवळ बाळ्याच्या खंडोबापाशी गेलात तर देवाबरोबर कुत्र्याचेही स्थान आठवेल. अक्कलकोटला गेलात तर दत्ताच्या पायाशी बसलेले चार श्वान आठवतील. धनगराच्या वाड्याला त्याची राखण, शेतकऱ्याच्या खळ्याला त्याची जाग. भाकरीचा तुकडा त्याच्या हक्काचा. पण त्याच्या प्रजननाची जबाबदारी कोणाचीच नव्हती. पिले होत, बरीच मरत, उरलेली गावात मिसळत. शहरे वाढली तेव्हा ही व्यवस्था मोडली.

७.
ती कशी मोडली, हे मुंबईने १८३२ साली पाहिले. ठरावीक मोसमात मोकाट कुत्री मारण्याचा नियम कंपनी सरकारने आधीच केला होता. प्रत्येक कुत्र्यामागे मारेकऱ्याला आठ आणे मिळत. साहजिकच पाळलेली कुत्रीही घराच्या ओट्यावरून ओढली जाऊ लागली. ६ जून १८३२ रोजी, पारशी समाजाच्या पवित्र दिवशी, लोकांचा संयम सुटला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला आणि किल्ल्यातल्या गोऱ्या लष्कराचा अन्नपुरवठाही अडला. पारशी धर्मात श्वानाला मृत्यूच्या संस्कारात स्थान आहे. त्यांच्यासाठी हा केवळ भूतदयेचा मामला नव्हता.

८.
दंगल मोडली, काहींना शिक्षा झाल्या. पण दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद या दोन धनिकांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. 'मारू नका, आम्ही सांभाळतो,' हे समाजाचे उत्तर होते. उत्तर उदार होते, पण अपुरे होते. सांभाळलेल्या जिवांनाही पिले होतात. मारणे आणि कोंडणे यांच्यामधला तिसरा मार्ग शस्त्रक्रियेचा होता, आणि तो मार्ग अजून खुला व्हायचा होता. का, ते समजण्यासाठी थोडा वेळ अमेरिकेत जाऊ.

९.
२५ डिसेंबर १८०९. केंटकी राज्यातील डॅनव्हिल हे छोटे गाव. जेन टॉड क्रॉफर्ड नावाची स्त्री पोटात प्रचंड गाठ घेऊन सुमारे साठ मैल घोड्यावरून आली होती. डॉ. एफ्राइम मॅकडॉवेल यांनी भुलीशिवाय तिचे पोट उघडले आणि अंडाशयाची सुमारे दहा किलोंची गाठ काढली. वेळ लागला पंचवीस मिनिटे. त्या काळी पोट उघडणे म्हणजे मृत्यूला दार उघडून देणे. ती वाचली. अंडाशयाच्या यशस्वी शस्त्रक्रियेचा इतिहास इथून मोजतात.

१०.
पण मला या कथेतला पुढचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. पाचव्या दिवशी डॉक्टर तिला पाहायला गेले, तर ही बाई उठून स्वतःचे अंथरूण आवरत होती! त्यांनी तिला सावध राहायला बजावले. तिने ते ऐकले असावे, कारण पंचविसाव्या दिवशी ती घरी परतली आणि पुढे अनेक वर्षे जगली. चपळ रुग्णाला आवरण्याची अडचण अशी या शस्त्रक्रियेइतकीच जुनी आहे. फरक एवढाच की जेनला कारण सांगता आले. आपल्या कारवानीला ते सांगता येत नाही.

११.
१८४६ मध्ये बोस्टनला ईथरची आणि १८४७ मध्ये एडिनबरोला क्लोरोफॉर्मची भूल जगासमोर आली. रुग्ण झोपू लागला. पण काही रुग्ण पुन्हा उठत नव्हते. क्लोरोफॉर्म श्वास थांबवतो की हृदय? या वादाचे एक मोठे केंद्र सोलापूरच्या शेजारीच होते: निजामाचे हैदराबाद. तिथले शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांच्या आग्रहावरून आणि निजाम सरकारच्या पैशावर १८८८ आणि १८८९ मध्ये दोन 'क्लोरोफॉर्म आयोग' बसले. दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले.

१२.
हे प्रयोग प्रामुख्याने कुत्र्यांवर झाले, शेकडो कुत्र्यांवर. याच हैदराबादेत शिकलेल्या रुपाबाई फर्दुनजी जगातल्या अगदी सुरुवातीच्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात. आयोगाचा निष्कर्ष होता की धोका श्वासाला आहे, नाडीकडे पाहत बसू नका. तो पुढे अपुरा ठरला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवले की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीत हृदयही अचानक थांबू शकते. आज तुमची कुत्री भुलीतून सुखरूप उठते, त्या ज्ञानाच्या पायाशी दख्खनच्या असंख्य निनावी कुत्र्यांचे प्राण आहेत.

१३.
भुलीनंतरचा दुसरा शत्रू म्हणजे जखमेतला पू. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाची जंतुनाशक पद्धत प्रसिद्ध केली आणि नंतर आतड्याच्या धाग्याला, म्हणजे 'कॅटगट'ला, जंतुरहित करून शरीरात विरघळणारे टाके घालण्याचा मार्ग दाखवला. नाव फसवे आहे. हा धागा मांजराचा नसतो, मेंढी किंवा गुरांच्या आतड्यापासून करतात. आतले टाके आपोआप विरघळतात हे घरच्यांना समजले की त्यांचा अर्धा जीव भांड्यात पडतो. ती निश्चिंती लिस्टरची देणगी आहे.

१४.
जंतुसंसर्ग किती निर्दय असतो हे सोलापूरकरांनी विसरू नये, कारण त्या कथेत आपला माणूस आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले. १९४१ मध्ये ते ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याला नाव होते डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे. हे बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये गेले ते शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनल्याने. एक छोटी जखम आणि एक निष्णात शल्यचिकित्सक संपला. कुत्रीने टाके चाटू नयेत म्हणून आपण आग्रह धरतो, तेव्हा हे आठवावे.

१५.
भारतात पशुवैद्यकाचे शास्त्रशुद्ध शिक्षण १८८६ मध्ये परळला सुरू झालेल्या बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजने रुजवले. शेजारी होते बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय. पण साम्राज्याला काळजी होती लष्करी घोड्यांची आणि महसूल देणाऱ्या शेतातल्या बैलांची. कुत्रा या यादीत फार खाली होता. कुत्रीचे निर्बीजीकरण ही रोजची शस्त्रक्रिया झाली ती विसाव्या शतकात, सुरक्षित भूल, प्रतिजैविके आणि चांगले धागे एकत्र आल्यावर.

१६.
या शस्त्रक्रियेत होते काय? पोटाच्या मध्यरेषेवर किंवा कुशीत छेद देतात. दोन्ही अंडाशये आणि बहुधा गर्भाशय काढतात. त्याआधी त्यांच्या रक्तवाहिन्या धाग्याने घट्ट बांधतात. मग पोटाची भिंत आणि शेवटी त्वचा शिवतात. म्हणजे बाहेर दिसणारे दोन-तीन इंचांचे टाके हा केवळ वरचा पडदा. खरा भार आतल्या थरावर असतो. पहिल्या एक-दोन दिवसांत बांधलेली वाहिनी सुटली तर आत रक्तस्राव होतो. पुढच्या दिवसांत भिंत उसवली तर आतडे बाहेर येऊ शकते. त्वचेचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात, पण तेव्हाही आतल्या थराची मूळची ताकद परतलेली नसते. उडी का मारू द्यायची नाही, ते यात आहे.

१७.
आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. तिला स्वस्थ ठेवायचे कोणी? विसाव्या शतकातही पशुवैद्यकात एक समज दीर्घकाळ टिकून होता: वेदना उपयोगी असते, दुखते म्हणून जनावर हलत नाही, वेदनाशामक दिले तर ते उड्या मारेल आणि टाके तोडेल. म्हणजे वेदना हीच साखळी. जनावराला माणसासारखे दुखत नाही, ही जुनी समजूतही तिला आधार देई. कुत्री ओरडत नव्हती, कोपऱ्यात गप्प बसत होती. आणि गप्प बसणे म्हणजे बरे असणे, असा अर्थ लावला जात होता.

१८.
हा समज शतकाच्या अखेरच्या दशकांत ढासळला. वेदनेमुळे खाणे कमी होते, झोप मोडते, जखम उशिरा भरते, आणि दुखणारी कुत्री उलट टाक्यांकडे अधिक वळते, चाटते, चावते. २०१४ मध्ये जगभरच्या पशुवैद्यांच्या संघटनेने, 'वॉस्वा'ने, प्राण्यांच्या वेदनेसंबंधी जागतिक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. आजचा नियम स्पष्ट आहे: वेदना औषधाने शमवा आणि हालचाल माणसाने आवरा. पहिले काम पशुवैद्याचे, दुसरे आपले. या एका वाक्यात सारा भार वेदनेवरून माणसाच्या खांद्यावर आला.

१९.
मग 'आवरणे' म्हणजे दहा दिवस कोंडणे का? इथे माणसांच्या वैद्यकाचा अनुभव कामी येतो. एकोणिसाव्या शतकात शस्त्रक्रियेनंतर आठवडेच्या आठवडे रुग्णाला खाटेला खिळवून ठेवत. १९४० च्या दशकात, महायुद्धात खाटा आणि परिचारिका कमी पडू लागल्यावर, रुग्णांना लवकर उठवून चालवले जाऊ लागले. आणि ते लवकर बरे होताना दिसले. हळू चालणे औषध आहे, उडी हा धोका आहे. हाच भेद कुत्रीलाही लागू आहे: पट्टा बांधून सावकाश, थोडा वेळ चालवायचे; मोकळे सोडायचे नाही.

२०.
आपल्या भागासाठी एक खास मुद्दा. कारवानी, मुधोळ, पश्मी ही नजरेने शिकार हेरून धावणारी कुत्री. त्यांच्या अंगात चरबी फार कमी असते. १९३४ पासून वापरात आलेले थायोपेंटाल हे भुलीचे औषध ग्रेहाउंडसारख्या या कुळातल्या कुत्र्यांत फार उशिरा उतरते, हे पशुवैद्यकात सुप्रसिद्ध आहे. चरबी नसल्याने त्यांचे अंगही लवकर गार पडते. म्हणून घरी कारवानी असेल तर शस्त्रक्रियेपूर्वीच तिचे कूळ पशुवैद्याला सांगावे. 'गावठीच आहे' असे म्हणून ही माहिती दडवू नये.

२१.
इतिहासाने दिलेले हे धडे घरात कसे उतरतात ते पाहू. पहिली रात्र: ती डुलत चालेल, कण्हेल, कदाचित ओकेल. तिला जमिनीवरच निजवावे. पलंग, ओटा, जिना दूर. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो, पण भुलीतून उठणाऱ्या शरीराला स्वतःचे तापमान सांभाळता येत नाही. पत्र्याखाली तापू देऊ नये आणि पंख्याखाली गारठूही देऊ नये. पूर्ण शुद्धीवर आल्यावर थोडे पाणी, मग नेहमीपेक्षा कमी अन्न.

२२.
घरात शहाबादी किंवा गुळगुळीत फरशी असेल तर पाय घसरतात आणि पोटाला हिसका बसतो. त्यावर जुनी सोलापुरी चादर अंथरावी. तिची जाड वीण पायाला पकड देते, आणि ती धुऊन उन्हात वाळवता येते. यंत्रमागावर विणलेल्या, जगभर गेलेल्या या चादरीचा असा उपयोग कोणी जाहिरातीत सांगितलेला नाही. जखमेवर मात्र हळद, तेल, राख, काहीही लावू नये. गुरांच्या जखमेला वापरलेला उपाय इथे चालत नाही. कुत्री तो चाटून काढते आणि सोबत टाकेही.

२३.
चाटणे रोखण्यासाठी गळ्यात जो शंकूसारखा पट्टा घालतात, त्याला एलिझाबेथन कॉलर म्हणतात. सोळाव्या शतकात इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ आणि तिचे दरबारी मानेभोवती चुणीदार गोल गळपट्टा घालत, त्यावरून हे नाव. राणीला तो मिरवायचा होता, कुत्रीला तो नकोसा असतो. पहिले दोन दिवस ती दारांना धडकेल. दया येऊन तो काढू नये. बरेचसे टाके घरचे लोक 'पाच मिनिटांसाठी' पट्टा काढतात तेव्हाच तुटतात.

२४.
चपळ कुत्रीला खरी अडचण असते ती कंटाळ्याची. पाय थांबले तरी नाक आणि डोके थांबत नाही. म्हणून त्यांना काम द्यावे: भाकरीचे तुकडे चादरीच्या घडीत लपवावेत, तिने हुंगून शोधावेत. दिवसातून तीन-चार वेळा पट्ट्यावर, अंगणापुरते. पाहुणे, मुले आणि दुसरी कुत्री काही दिवस लांब. तरीही आवरत नसेल तर पशुवैद्याला सांगावे. ट्रॅझोडोनसारख्या औषधाने शस्त्रक्रियेनंतर कुत्र्यांना शांत ठेवता येते, असा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. माणसांच्या गोळ्या मात्र कधीही देऊ नयेत. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते.

२५.
रोज दोनदा जखम पाहावी. थोडी लाली, थोडी सूज स्वाभाविक. पण हिरड्या पांढऱ्या पडणे, पोट फुगणे, जखमेतून रक्त किंवा पू, टाक्यांतून काही बाहेर आल्यासारखे दिसणे, सतत ओकारी, दिवसभर अन्नाला तोंड न लावणे, उठता न येणे: यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या हिरड्या म्हणजे आत रक्त वाहत असण्याची शक्यता, आणि तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

२६.
इथवर घरातल्या कुत्रीची गोष्ट झाली. पण आज देशात सर्वाधिक वाद ज्यांच्यावरून होतो त्या रस्त्यावरच्या कुत्रीचे हे दहा दिवस कोण सांभाळते? मद्रासमध्ये ब्लू क्रॉस या संस्थेने १९६४ पासून 'मारू नका, निर्बीजीकरण करा' असा आग्रह धरला. १९९६ मध्ये तिथल्या महानगरपालिकेने तो स्वीकारला. २००१ मध्ये केंद्र सरकारचे प्राणी जन्म नियंत्रण नियम आले, २०२३ मध्ये नवे नियम आले. पकडायचे, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला खूण करायची आणि बरी झाल्यावर मूळ जागी सोडायचे.

२७.
'बरी झाल्यावर' या दोन शब्दांवर सारी योजना उभी आहे. तिला चादर नाही, पट्टा धरणारा हात नाही, हिरड्या पाहणारे डोळे नाहीत. तिच्यासाठी इतिहासाचे दुसरे उत्तर उरते: पिंजरा. तो स्वच्छ असला, सावलीत असला, वेदनाशामक मिळाले आणि पुरेसे दिवस दिले, तर तोही सन्माननीय उत्तर ठरतो. पण संख्या वाढवण्याच्या घाईत ती लवकर सोडली गेली, तर दुसऱ्याच दिवशी तिला वाहनांतून आणि टोळीतून धावावे लागते. मग टाके तुटतात, कुत्री मरते, आणि ज्या गल्लीने ते पाहिले ती पुढच्या वेळी गाडीला कुत्री पकडू देत नाही.

२८.
सोलापुरात हा प्रश्न शहरापुरता नाही. १९७९ मध्ये घोषित झालेले नान्नजचे माळढोक अभयारण्य शेजारी आहे. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना आणि कुत्र्यांचे आजार सहज जडणाऱ्या लांडग्यांना मोकाट कुत्री हा मोठा धोका आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला आधीचा आदेश बदलून सांगितले की, रेबीजग्रस्त वा आक्रमक नसलेली कुत्री निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांसारख्या जागांसाठी वेगळा आदेश आला. वाद चालूच राहील. पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य व्हावी: शस्त्रक्रिया करायची तर ती पूर्ण करावी, आणि ती शेवटच्या टाक्याने पूर्ण होत नाही.

२९.
१८३२ मध्ये एका कुत्र्याची किंमत आठ आणे होती, आणि ती मारण्याबद्दल मिळे. आज आपण तिला जगवण्यासाठी खर्च करतो. हा प्रवास लहान नाही. पण खर्च पैशाचा असतो तसा वेळेचाही असतो. ॲरिस्टॉटलपासून परळपर्यंत सर्वांनी छेद कसा द्यावा हे शोधले. नंतरचे दहा दिवस मात्र ज्याच्या त्याच्या वाट्याला आले. कोणीतरी वेदनेवर सोपवले, कोणीतरी पिंजऱ्यावर. तिसरे उत्तर सर्वांत महाग आहे, कारण त्यासाठी कोणीतरी घरी थांबावे लागते.

३०.
तुमच्या घरी किंवा गल्लीत एखादी कुत्री टाके घेऊन परतली असेल, तर हा आठवडा तिच्यासाठी काढून ठेवा. अकराव्या-बाराव्या दिवशी पशुवैद्य टाके काढतील, हात फिरवतील आणि म्हणतील, "आता हळूहळू सोडा." मग कधीतरी पहाटे माळावर ती पुन्हा बाण होईल. तो वेग पाहताना आठवण ठेवा की तो तुमच्या दहा दिवसांच्या संयमातून आला आहे.

थ्रेड समाप्त. आवडला असेल तर ज्यांच्या घरी कुत्री आहे अशा एका मित्रापर्यंत पोहोचवा.